दगडाबाईला विसरण्याचा कालावधी

कोणतीही गोष्ट कमी करायची असेल तर ती आधी पुरेशी असावी लागते. नदीला पाणीच नसेल तर पूर ओसरत नाही. ताप नसलेल्या माणसाचा ताप उतरवून दाखवणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा आहे. हे तत्त्व आम्हा खेड्यातल्या लोकांना ठाऊक नव्हतं. ते आम्हाला पोलीस खात्याने समजावून दिलं, आणि तेही निधीतून.

माझ्या नातीचं, लुबनाचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. वऱ्हाड दौंड तालुक्यातून, भांडगावहून आलं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी पहिल्या टेम्पोतल्या पाहुण्यांची डोकी टपाला लागली आणि नवरदेवाचा सेहरा नाकाखाली आला. व्याही उतरले ते कंबर धरूनच. म्हणाले, "कासमभाई, रस्त्यात हे काय आडवं घालून ठेवलंय?" मी म्हणालो, "ती दगडाबाई." कुण्या देवीचं ठाणं असेल असं समजून व्याह्यांनी रस्त्याकडे बघून अदबीने मान लववली. मीही काही बोललो नाही. मान लववली तर बिघडलं कुठं?

आमची वस्ती म्हणजे चिंचमळा, शिरूर तालुका, न्हावऱ्याच्या अंगाला. शिरूरकडून दौंडकडे उतरणारा रस्ता वस्तीच्या मधून जातो. एका बाजूला घरं आहेत. दुसऱ्या बाजूला दूध डेअरी, शाळा आणि स्मशान. त्यामुळे चिंचमळ्याच्या माणसाला जन्मभर, आणि नंतरही एकदा, रस्ता ओलांडावाच लागतो. रस्त्यावरून रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या जातात, उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे टेम्पो, एसटी आणि मोटारसायकली जातात. शनिवार-रविवारी पुण्याच्या मोटारीही जातात. त्या कुठे जातात हे आम्हाला माहीत नाही, पण उशीर झालेला असतो एवढं दिसतं.

दगडाबाई ही हौसरावची बायको. हौसराव माझा जोडीदार. मी नालबंद, बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकणारा. त्याचे बैल आणि माझे हात एकमेकांना जन्माचे ओळखतात. दगडाबाई दुधाची किटली घेऊन डेअरीला चालली होती तेव्हा तिला टेम्पोने उडवलं. त्याला आता बरीच वर्षं झाली.

आमच्या भागात एक रीत आहे. माणूस रस्त्यावर गेला की दहाव्याला, कावळा शिवल्यावर आणि पाहुणे जेवायला बसण्याआधी, गावातली माणसं घमेली घेऊन निघतात. माणूस जिथं पडला तिथं रस्त्यावर आडवा बांध घालतात. त्यात मुरूम असतो, खडी असते आणि डांबर असतं. (डांबर कुठून आणलं हे विचारायचं नसतं.) मग त्या ब्रेकरला त्या माणसाचं नाव पडतं. न्हावऱ्याच्या बाजूला एक गुरुजी आहेत. पुढे दोघे सख्खे भाऊ आहेत. त्यांचा डबल ब्रेकर आहे. आमच्या मुसलमानांत पूर्वी चाळिसाव्याला घालायचे. पण खुर्शिद तांबोळ्याचा ब्रेकर त्यामुळे महिनाभर उशिरा झाला आणि मधल्या काळात तिथंच आणखी एकजण गेला. तेव्हापासून सर्वधर्मीयांचा दहाव्यालाच घालावा असं दोन्ही बाजूंनी सामोपचाराने ठरलं. ऐक्य ऐक्य म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

दगडाबाई रस्त्यावर आडवी झाल्यापासून तिथं कुणी मेलं नाही. एसटीत लोक "दगडाबाईला उतरायचंय" म्हणून तिकीट मागत. कंपनीच्या बसमधली झोपलेली पोरं तिच्यापाशी आपोआप जागी होत आणि चपला शोधू लागत. परराज्यातले ट्रकवालेही लांबूनच गिअर बदलत. हौसराव माझ्या लिंबाखाली बसून हे सगळं बघायचा. एकदा म्हणाला, "कासम, जित्तेपणी तिचं आमच्या घरात कुणी ऐकलं न्हाई. आता बघ, दहा चाकी ट्रक ऐकतोय."

हौसरावची स्वतःचीही एक सवय होती. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रस्ता ओलांडताना तो डावा हात वर करायचा, शाळेत हजेरीला करतात तसा. गाड्या हळू व्हायच्या. त्या दगडाबाईमुळे हळू व्हायच्या, पण हौसरावला वाटायचं आपल्या हातामुळे होतात. संसारातही त्याचं असंच होतं.

तर लुबनाच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात निधी आला.

निधी देणारी संस्था मोठी होती आणि तिचा हेतू उदात्त होता: ग्रामीण रस्त्यांवरचा भरधाव वेग कमी करणे. अटीही रास्त होत्या. आधी आराखडा करायचा, मग पायाभूत मापन करायचं, म्हणजे उपाय करण्यापूर्वी वेग किती होता ते मोजायचं. नंतर उपाय, नंतर पुन्हा मापन, आणि मग मूल्यमापन. वेगात वीस टक्के घट झाली तर प्रकल्प यशस्वी आणि पुढचा टप्पा मंजूर. प्रकल्पाचं नाव होतं 'सुरक्षित गती, सुखी प्रगती'. बोधचिन्हात कासव होतं. (सुरुवातीला ससाही होता. तो चुकीचा संदेश देतो म्हणून काढण्यात आला.)

आमच्या वस्तीची निवड कशी झाली ते आराखड्यात सविस्तर दिलेलं आहे. रस्ता नकाशावर सरळ दिसतो. मोबाईलला रेंज आहे. लिंबाची सावली आहे. गाडी उभी करायला जागा आहे. शेजारी अनिसचा चहा आहे. (आराखड्यात 'स्थानिक सुविधा उपलब्ध' असं लिहिलेलं आहे. त्या सुविधेत आलं घालतात.) हे सगळे निकष आमची वस्ती पूर्ण करत होती. माणसं किती मरतात हा निकषही होता, पण तो ऐच्छिक होता.

प्रकल्प फौजदार सत्यजीत साहेबांकडे होता. माणूस मनाने चांगला. दोन-तीन वर्षांत त्यांनी इतके पंचनामे केले होते की रस्त्यावर कुणाची एक चप्पल पडलेली दिसली तरी गाडी थांबवून दुसरी शोधायचे. त्यांना वेग मनापासून कमी करायचा होता. अडचण एवढीच निघाली, की तो कमी होता.

पहिल्या मापनाला ते लिंबाखाली स्पीडगन लावून बसले. सरासरी वेग आला ताशी सोळा किलोमीटर. त्या दिवशीचा सर्वाधिक वेग एकवीस होता आणि तो हौसरावच्या खोंडाचा होता. ते दावं तोडून पळालं होतं आणि यंत्राने त्याला वाहन समजून नोंदवलं. (ही नोंद नंतर वगळण्यात आली. खोंडाला नंबरप्लेट नव्हती.) सोळाच्या वीस टक्के खाली म्हणजे तेरा. तेराने माझ्याकडे पत्री ठोकून गेलेली बैलजोडीसुद्धा जाते, आणि ती बिचारी उसाने भरलेली गाडी ओढत असते.

सत्यजीत साहेब टोपी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "चाचा, तुमच्या गावात वेगच न्हाई. आता कमी काय करू?"

मी म्हणालो, "दुसऱ्या गावात जावा, साहेब. पलीकडं लई वेग हाय."

तसं करता येत नव्हतं. बॅनरवर चिंचमळा छापून झालं होतं. टी-शर्टवरही छापून झालं होतं. जागा बदलायची तर संस्थेची, तिच्या परदेशातल्या मुख्य कार्यालयाची आणि बॅनरवाल्याची मान्यता लागणार होती, आणि बॅनरवाला नाही म्हणाला होता.

तेव्हा पुण्याहून मूल्यमापनासाठी सुलक्षणा मॅडम आल्या. फार शिकलेल्या, पण बोलायला गोड. चहा बिनसाखरेचा. त्यांनी आकडे पाहिले, रस्ता पाहिला, दगडाबाई पाहिली, आणि त्यांना दोष लगेच सापडला. वेग कमी आहे याचं कारण इथं आधीच एक उपाय होऊन बसलेला आहे. तो विनापरवाना आहे, विनाआराखडा आहे, त्याचं कुणी मूल्यमापन केलेलं नाही. अशा उपायावर दुसरा उपाय करता येत नाही, जसा रंगवलेल्या भिंतीवर चुना बसत नाही.

शिवाय दगडाबाईविरुद्ध एक तक्रार होती. सरकारच्या तक्रारीच्या संकेतस्थळावर ती तीन वर्षांपासून पडून होती. खाली नाव नव्हतं, 'एक जागरूक नागरिक' एवढंच होतं. जागरूक नागरिक सहकुटुंब जात असताना त्यांच्या कमरेत चमक भरली, गाडीच्या तळाला ओरखडा उठला आणि मांडीवर कॉफी सांडली. असे बेकायदा अडथळे विकसित देशात दिसत नाहीत, असंही त्यात म्हटलं होतं. त्या तक्रारीचं तीन वर्षांनी एका दिवसात निराकरण करायचं ठरलं. शासन हलत नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वस्तीची बैठक शाळेत झाली. सरपंच पोपटराव खुर्चीत, आम्ही बाकांवर. सुलक्षणा मॅडमनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात 'आधी' लिहिलं, एकात 'नंतर'. 'आधी'चा आकडा मोठा पाहिजे आणि 'नंतर'चा लहान, हे आम्हाला समजलं. हौसरावला नाही समजलं.

"मोजून झाल्यावर काय करणार?" त्याने विचारलं.

"मग वेग कमी करायचा, आबा," मॅडम म्हणाल्या.

"आत्ता कमीच हाय की."

"आत्ताचा मोजण्यालायक नाही."

हौसरावने फळ्याकडे बघितलं, मग खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. "बरं, दगडाबाई काढली. तुमी मोजाय लागला. तवर गाड्या कोन थांबवनार?"

यावर सत्यजीत साहेब उठले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "तवर थांबवायच्या न्हाईत, आबा," ते म्हणाले. "थांबवल्या तर मोजायचं काय?"

बैठकीत कुणी हसलं नाही, कारण उत्तर बरोबर होतं.

मग पोपटरावांनी बाजू सावरली. प्रकल्प संपल्यावर त्याच जागी शास्त्रोक्त गतिरोधक मिळणार होता. पिवळे पट्टे, दोन्ही कडांना चमकणारे दिवे, आणि शंभर मीटर अलीकडे पाटी: 'दगडाबाई गतिरोधक'. पाटीची तरतूद आराखड्यात होती, ती पोपटरावांनी वाचून दाखवली. हौसराव बाकावर सरसावून बसला. दगडाबाईचं नाव आजवर कुठं लिहिलं गेलं नव्हतं. सातबाऱ्यावर नव्हतं, घरावर नव्हतं, डेअरीच्या कार्डावरही हौसरावचंच होतं. तो म्हणाला, "पाटी मराठीत पायजे." ठराव एकमताने मंजूर झाला.

पाऊस सरल्यावर जेसीबी आला. दगडाबाईला उकरायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. हौसरावने डांबराची एक ढेप मागून घेतली आणि गोठ्याच्या तोंडाशी पायरी म्हणून बसवली. बैल तिच्यापाशी आल्यावर पाय उचलून टाकू लागले. हौसराव म्हणाला, "घरातबी ऐकाय लागले तिचं."

आता वेग वाढेल अशी सर्वांची रास्त अपेक्षा होती. तो वाढला नाही.

घडलं असं, की ब्रेकर गेला तरी गाड्या त्याच जागी येऊन हळू होत राहिल्या. एसटी हळू होई, कंपनीची बस हळू होई, झोपलेली पोरं जागी होऊन चपला शोधत. नसलेल्या ब्रेकरवरून लोक जपून, कुल्ले उचलून मोटारसायकली नेत. एका ट्रकवाल्याने थांबून अनिसला विचारलं, "भाई, दगडाबाई कहाँ गई?" अनिस चहा गाळता गाळता म्हणाला, "मायके गई है." ट्रकवाला "अच्छा" म्हणाला आणि हळूच पुढे गेला. परत येताना पुन्हा हळू झाला. न जाणो, आली असेल.

सुलक्षणा मॅडमनी सांगितलं, की हा शिल्लक राहिलेला परिणाम आहे. रस्त्यातून काढलं, पण लोकांच्या पायांतून निघालं नाही. ते निघेपर्यंत खरं पायाभूत मापन करता येत नाही. तेव्हा सुधारित आराखड्यात दोन महिन्यांचा एक नवा टप्पा घालण्यात आला: 'पूर्वस्थिती विस्मरण कालावधी'. वस्तीवर त्याला सगळे 'दगडाबाईला विसरायचे महिने' म्हणू लागले.

या काळात विसरण्याला मदत करणं हे प्रत्येकाचं कर्तव्य होतं. एसटीच्या कंडक्टरला विनंती करण्यात आली, की थांब्याचं नाव घेऊ नये. (तो "ते हे आलं" असं ओरडू लागला. सगळे बरोबर उतरत.) शाळेतल्या मुलांना हळू चालवा असं ओरडण्याची मनाई झाली. पोलिसांची गाडी दिसली तर वेग उतरतो, म्हणून साहेबांनी ती माझ्या कडब्याच्या गंजीमागे लावली. कुठेही फलक नाही, सूचना नाही, इशारा नाही. वेग कमी करण्याचा प्रकल्प इतक्या निष्ठेने वेगाच्या वाटेतून बाजूला झालेला मी पाहिला नव्हता.

आणि लोक विसरू लागले. लोकांवर विश्वास ठेवावा. दिवाळीनंतर वेग चाळीसवर आला, मग पन्नास, मग साठ. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं. डिसेंबरात मापन सुरू झालं. पण सकाळ-संध्याकाळ, डेअरीच्या वेळेला, आकड्यांत एक खड्डा पडायचा. वेग एकाएकी तिसाच्या खाली यायचा. मॅडमना कारण समजेना. मग एका सकाळी त्या स्वतः लिंबाखाली येऊन बसल्या, आणि त्यांना समजलं.

हौसराव किटली घेऊन रस्ता ओलांडत होता. डावा हात वर.

आता त्याचा हात खरंच काम करत होता. दगडाबाई असताना जे त्याला उगाच वाटायचं, ते ती गेल्यावर खरं झालं होतं. मॅडमनी टिपण लिहिलं: 'एका स्थानिक वृद्धाच्या हातामुळे मापन दूषित होत आहे.' सत्यजीत साहेबांना हौसरावकडे पाठवण्यात आलं. साहेब गोठ्यात गेले, तिथल्या पायरीला ठेचकाळले, आणि दावणीशी बसले. मी तिथंच एका बैलाचा खूर तासत होतो.

"आबा, तुमच्या हातामुळं आकडं बसंनात," साहेब म्हणाले.

"माझ्या हातामुळं सरकार अडलंय व्हय?" हौसराव माझ्याकडे बघून म्हणाला. "ऐकतोस का कासम? हितं म्हस वळायची तर हात पुरत न्हाई."

"चेष्टा न्हाई, आबा. तुम्ही हात खाली ठेवा. महिनाभरात मोजणी उरकती. मग तुमचा ब्रेकर, तुमची पाटी. हात वर करत राहिला तर सगळंच लांबंल."

हौसराव बैलाच्या पाठीवर थाप मारत राहिला. "हात वर न्हाई केला, तर मानूस हाय ह्ये त्यास्नी कळायचं कसं?"

साहेबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "दिसतंय की, आबा," ते म्हणाले.

हौसराव बरं म्हणाला. पाटी लवकर यायची होती.

यानंतर हौसराव या हकिकतीत नाही. त्याचं कारण शेवटी येईल. अहवालातही ते परिशिष्टातच आहे.

जानेवारीअखेर पायाभूत मापन पूर्ण झालं. सरासरी वेग ताशी एकाहत्तर. संस्थेने हे मापन मंजूर करताना 'परिस्थिती चिंताजनक असून निवड अचूक आहे' असा शेरा दिला. मध्यंतरी वस्तीवर एक दहावा झाला आणि माणसं रीतीप्रमाणे घमेली घेऊन रस्त्यावर आली. सत्यजीत साहेब आडवे उभे राहिले. त्यांनी टोपी काढली होती. मोजणी अर्धी झाली आहे, आता बांध घातला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, पुन्हा विसरायचे महिने येतील, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. पुन्हा विसरायची ताकद वस्तीत नव्हती. माणसांनी मुरूम शाळेच्या मैदानात पसरला.

मग उपाय सुरू झाले आणि ते पाहण्यासारखे होते. बॅनर लागले. टी-शर्ट वाटले. पथनाट्य झालं. त्यात यमराज मोटारसायकलवरून येतो; हेल्मेट न घातल्याबद्दल त्याचं कौतुक नको म्हणून त्याला मुकुटावरून हेल्मेट घालण्यात आलं. भरधाव जाणाऱ्यांना थांबवून गुलाबाचं फूल देण्यात आलं. (काहीजण फुलासाठी परत आले.) एक हजार वाहनचालकांनी शपथ घेतली. शपथ लवकर आटपावी म्हणून ती जरा घाईने देण्यात आली.

पण सगळ्यात मोठं काम पोपटरावांच्या पृथ्वीराजने केलं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. साहेब येऊन बसले की ग्रुपवर तीन शब्द पडायचे: 'साहेब लिंबाखाली बसलेत'. लगेच शिरूरपासून भीमेच्या पुलापर्यंत सगळ्यांना कळायचं. गाड्या लिंबापर्यंत शहाण्यासारख्या येत, लिंब ओलांडला की हुश्श म्हणून पाय दाबत. साहेबांना हे समजलं तेव्हा ते रागावले नाहीत. मॅडमनी सांगितलं, की वेग जिथं मोजतो तिथं कमी झाला म्हणजे झाला. दोनशे मीटर पुढे तो कुणी मोजत नाही. मग साहेबही ग्रुपमध्ये आले आणि स्वतःच कळवू लागले, 'आज साडेनऊपासून आहे'. अहवालात हे 'समाजमाध्यमांद्वारे लोकसहभाग' या सदरात आहे.

अंतिम मापन झालं. सरासरी वेग चोपन्न. एकाहत्तरवरून चोपन्न म्हणजे चोवीस टक्के घट. उद्दिष्ट वीसचं होतं. सोळाचा आकडा अहवालात नाही, कारण तो 'आधी'च्या आधीचा आहे आणि तसा चौकोन फळ्यावर काढलेला नव्हता. मृत्यूंच्या बाबतीत यश याहून देदीप्यमान आहे: आधीच्या कालावधीत एक, नंतरच्या कालावधीत शून्य. शंभर टक्के घट. पुण्यात समारंभ झाला. साहेबांना स्मृतिचिन्ह मिळालं. त्यांनी ते घरी नेलं नाही, ठाण्याच्या कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. विचारलं तर म्हणाले, धूळ बसते.

ठरल्याप्रमाणे पोपटरावांनी शास्त्रोक्त गतिरोधकासाठी अर्ज केला. उत्तर वेळेत आलं. ज्या ठिकाणी प्राणांतिक अपघात होतात तिथंच गतिरोधक देता येतो. सदर ठिकाणी प्रकल्पामुळे मृत्यूंचं प्रमाण शून्यावर आलेलं असल्याने ठिकाण सुरक्षित आहे, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पोपटराव मला म्हणाले, "कासममामा, आता काय म्हनावं? आपून लई सुधारलो."

पाटी मात्र लागली. तिची तरतूद वेगळी होती. निळ्या लोखंडी पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'दगडाबाई गतिरोधक, १०० मीटर'. मराठीत आहे. शंभर मीटर पुढे काही नाही. नवखा माणूस पाटी वाचून पहिल्यांदा हळू होतो, शोधतो, फसवल्यासारखं तोंड करतो आणि दुसऱ्यांदा होत नाही.

प्रकल्पाचा पुढचा टप्पा दौंड तालुक्यात सुरू झाला आहे. लुबनाचा परवा भांडगावहून फोन आला. म्हणाली, "नाना, आमच्या शाळेपुढचा ब्रेकर उकरला. टोप्या घालून माणसं बसलीत, काय तरी मोजत्यात." तिचं लेकरू आता चालायला लागलं आहे. मी तिला प्रकल्पाची सगळी माहिती दिली. सांगितलं, की आधी विसरायचे महिने असतात, मग मोजायचे. ते सरेपर्यंत लेकराला रस्त्याच्या अलीकडेच ठेव. 'आधी'च्या चौकोनात एक माणूस लागतो. तो भरला, की पुढे रस्ता सुरक्षित होतो.

ती म्हणाली, "नाना, समद्यांनीच अलीकडं ठेवलं तर?"

मी आराखडा पुन्हा काढून वाचला. त्यात याचं उत्तर नाही.

मला अक्षरओळख पन्नाशीनंतर झाली, साक्षरतेच्या वर्गात. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड लागते: तो लिहिलेलं सगळं वाचतो, परिशिष्टासकट. तुम्ही लहानपणीच शिकलात, म्हणून तुम्हाला पुढचं पान उलटता येतं. पुस्तक वाचणाऱ्या माणसाची बहुधा गाडी असते आणि तो कधीतरी आमच्यावरून जातोच. लिंबाखाली चहाला थांबलेली तुमच्यासारखी माणसं मला विचारतात, "काका, इथं एक भला मोठा ब्रेकर होता ना?" मी होता म्हणतो. ती म्हणतात, "बरं झालं काढला." तो जागरूक नागरिक त्यांतला कोणता असेल हे मी तोंडांकडे बघून ओळखू पाहिलं, पण जमलं नाही. सगळ्यांच्याच कमरेत थोडी चमक असते. तुम्हीही कमरेला हात लावून बघा.

परिशिष्ट तीन. पायाभूत कालावधीतील प्राणांतिक अपघात: एक. अहवालात नाव घालायची पद्धत नाही, म्हणून ते मी लिहितो.

हौसराव, वय बहात्तर, राहणार चिंचमळा. मंगळवार, सात जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना मोटारीच्या धडकेने जागीच वारला. यंत्र चालू होतं. मोटारीचा वेग सत्त्याऐंशी नोंदला गेला आणि सरासरीत धरला गेला. किटली उजव्या हातात होती. डावा हात खाली होता.